पाणी घातलेला नमुना

मी एकदा नमुन्यात पाणी घातलं. दुधाच्या नमुन्यात नाही. दुधात पाणी घालणाऱ्यांना पकडणं हे तर माझं रोजचं काम होतं. मी पाणी घातलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या, चोवीस तासांच्या लघवीच्या नमुन्यात. वर तपासणाऱ्या मॅडमना तोंडावर सांगितलं, की यात कसलीही गडबड नाही. त्या खोट्यामुळे दाजींना नेमकं काय झालंय हे कळायला चार महिने उशीर झाला. दाजी आज धडधाकट आहेत, रोज सकाळी दोन म्हशी पिळतात आणि मला चिडवायची एकही संधी सोडत नाहीत. त्यामुळे हे लिहिताना मला हसूही येतं. पण ते चार महिने माझ्या नावावर आहेत.

आमचं गाव सिरसाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. गावात सहकारी दूध सोसायटी आहे आणि मी तिचा सचिव. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला गावातला मी पहिलाच. नोकरी लागली नाही म्हणून सोसायटीत आलो, पण ती पदवी काही डोक्यातून उतरली नव्हती. मी आल्या आल्या एक फळा आणला आणि सोसायटीच्या दर्शनी भिंतीवर टांगला. दुधात पाणी सापडलं, की त्या माणसाचं नाव खडूनं फळ्यावर लिहायचं आणि आठ दिवस त्याचं दूध घ्यायचं नाही, हा नियम मी केला. सभेत सगळ्यांनी हात वर करून मंजूरही केला. पुढं ज्यांची नावं लागली, त्यांनीही हात वर केले होते.

आक्का गावातच दिली होती, आमच्या घरापासून चार घरं सोडून. दाजी सोसायटीत माझ्या हाताखाली दूध तपासायचे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, पण कामात मला ‘सचिवसाहेब’ म्हणायचे, तेही असं, की रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, काचेच्या नळीत ॲसिड घालून फॅट काढायची, आकडा वाचायचा. पण दाजी नुसता आकडा वाचत नसत.

“मावशे, म्हशीला पेंड घाल जरा. नुसत्या शिव्या घालून फॅट लागत न्हाई.”

“शिव्या तुमच्या सचिवाला घालते, म्हशीला कावून घालू?” मावशी म्हणायची.

“मंग बराबर हाय. सचिवाची फॅट वाढाया लागलीय बघ.”

सकाळची दोन तासांची रांग अशी हसत हसत सरायची. दाजींचा हात इतका हलका, की नळीत दूध ओतताना एक थेंब काठाला लागायचा नाही. घरची म्हैस तर त्यांच्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. तिचं नाव इथं लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही, मग तिचंच कशाला?

दुष्काळाच्या आधीच्या वर्षी दाजींचं अक्षर बिघडलं. रजिस्टरात आकडे वाकडे यायला लागले. मग हात थरथरायला लागला. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मी सांडायची. एकदा ॲसिड टेबलावर उडालं, एकदा माझ्या पायावर. मग जीभ जड झाली, शब्द एकात एक मिसळायला लागले, आणि बोलता बोलता ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची. ती ते बाहीनं पुसायचे आणि आपणच चेष्टा करायचे, “म्हातारा झालो बे, दात यायलेत मला.” तिशी नुकती ओलांडली होती त्यांनी.

गावात काय बोललं जायचं ते उघड होतं. सकाळी सकाळी हात कापतोय, जीभ अडखळतेय, म्हणजे दारू. मलाही तसंच वाटलं. कबूल करायचं तर सगळंच करतो: एकदा रजिस्टर दाखवायच्या निमित्तानं मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतला. वास आला तो तंबाखूचा. तरी मला पटलं नाही. मी म्हणालो, “दाजी, थोडे दिवस टेबलाला हात लावू नका. आराम करा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कशाचा वास घेत होतो ते त्यांना कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, “बरं हाय, सचिव.” ‘साहेब’ म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रांगेतलं हसणं बंद झालं.

मी त्यांच्यासाठी काहीच केलं नाही असं नाही. केलं ते असं, की आक्काला सांगितलं, “तांब्याच्या भांड्यात रातभर ठेवलेलं पाणी सकाळी उपाशीपोटी दे. शास्त्रात सांगितलंय.” कुठल्या शास्त्रात, ते मला आजही सांगता येणार नाही. आक्कानं माहेराहून आलेली तांब्याची घागर माळ्यावरून काढली, चिंचेनं लख्ख घासली आणि रोज सकाळी भरलेला पेला नवऱ्याच्या पुढं धरायला लागली. भाऊ बी.एस्सी. होता ना तिचा.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले. कपिलधारचा धबधबा म्हणजे नुसता खडकावरचा डाग राहिला, असं तिकडून येणारे सांगायचे. जनावरं घेऊन माणसं चारा छावणीत राहायला गेली. दाजीही म्हैस घेऊन गेले; बरोबर आक्का, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि ती तांब्याची घागर. छावणी गावापासून तीन मैलांवर, माळावर. ओळीनं बांबूचे मांडव, त्यात जनावरं, जनावरांशेजारी बाजा, आणि बाजेवर माणसं. तिथं दाजींची आणखी एक फजिती झाली. म्हैस त्यांना पिळू देईना. कापणारा हात लागला, की ती पाय झाडायची. ज्या हाताशिवाय तिला कुणाचा हात चालत नव्हता, तोच तिनं झिडकारला. शेजारच्या मांडवातला माणूस रोज येऊन म्हैस पिळून द्यायचा आणि दाजी नुसते तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे.

आक्का एक दिवस सोसायटीत आली. रांग लागलेली होती. सगळ्यांसमोर मला म्हणाली, “तू सचिव असशील सोसायटीचा. माझा नवरा दारू पीत न्हाई. त्येंच्या तोंडाजवळ मी निजते, तू न्हाई.”

रांगेतून कुणीतरी फसकन हसलं, पण आक्काकडं बघून गप्प झालं. मी खडू खाली ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी दाजींना मोटारसायकलवर बसवून अंबाजोगाईला नेलं.

तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी दाजींना नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोल काढायला लावला. मग डोळ्यांत बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिले. डोळे तपासायच्या खोलीत नेऊन मोठ्या भिंगाखालीही बघितलं. म्हणाले, “बुबुळाच्या काठाला तपकिरी कडं असल्यासारखं वाटतंय, पण पुसट आहे. खात्रीनं सांगता येत नाही. रक्त बघू.”

रक्ताचा निकालही काठावर आला. मग डॉक्टरांनी आम्हाला प्रयोगशाळेतल्या मॅडमकडं पाठवलं. या मॅडम माझ्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, आणि समोरच्याला सगळं समजतंय असं धरून बोलणाऱ्या. त्यांनी दाजींना समोर बसवून सांगितलं, “आपण जे खातो त्यात थोडं तांबं असतं. शरीराला लागतं तेवढं ठेवून बाकीचं यकृत बाहेर टाकतं. काही थोड्या लोकांचं यकृत ते टाकू शकत नाही. मग ते साठत जातं. यकृतात साठतं, डोळ्यांत साठतं, मेंदूत साठतं. मेंदूत साठलं, की हात कापतात, जीभ जड होते. लोकांना वाटतं माणूस पितो.”

दाजींनी हळूच माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

“म्हंजे मॅडम,” दाजी एकेक शब्द सोडवत म्हणाले, “माझ्या अंगात तांबं हाय? मंग भंगारवाल्याला इकलं तर लई भाव येईल माझा.”

मॅडम खळखळून हसल्या. “आधी मोजू तर द्या. असेल तर औषध आहे यावर. वेळेत कळलं, तर माणूस सुधारतो.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. वेळेत कळलं तर. मी त्या खोलीत होतो, शुद्धीत होतो.

मोजायचं कसं, तर चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवायची. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिलीपर्यंत प्रत्येक वेळची त्यात. एकही चुकवायची नाही. कॅन ॲसिडनं धुऊन दिलेला होता, त्याला कुठल्याही धातूचं भांडं लागू द्यायचं नव्हतं. मॅडम समजावून सांगत होत्या आणि मी मध्येच म्हणालो, “मॅडम, मी केमिस्ट्रीचा आहे. नमुने घेणं हे माझं रोजचं काम आहे.”

दाजींनी तो दिवस छावणीत काढला. पांढरा कॅन बाजेखाली झाकून ठेवला, तर शेजारचे येऊन विचारायला लागले.

“दाजी, काय हाय त्यात?”

“डेअरी काढलीय,” दाजी म्हणाले. “एका म्हशीची न्हाई, एका माणसाची. सभासद व्हायचं का?”

अख्ख्या छावणीत ते पसरलं. मोठी माणसं लहान पोरांसारखी येऊन कॅन किती भरला ते बघून जायची. एकानं तर रात्री निजताना ओरडून विचारलं, “दाजी, संध्याकाळचं संकलन झालं का?” दाजींना त्या दिवशी किती दिवसांनी एवढं हसताना पाहिलं, असं आक्का म्हणाली. लाज वाटण्यासारखी गोष्ट होती, तिची त्यांनी जत्रा करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅन घ्यायला गेलो. दाजींनी तो दोन्ही हातांनी, थरथरत, पण एक थेंब न सांडता माझ्या हातात दिला. म्हणाले, “पाव्हणं, सगळं हाय बगा यात. एक बी चुकवलं न्हाई.” मी कॅन मोटारसायकलच्या हुकाला लावला, जिथं रोज दुधाचे कॅन लावतो तिथं. झाकण बघितलं नाही. दुधाच्या कॅनचं झाकण दाबलं की बसतं. हे फिरवून बसवायचं होतं. ते अर्धवटच बसलं होतं.

परळी सोडून पुढं घाटाच्या पायथ्याशी आल्यावर माझी डावी पँट ओली लागली. थांबून बघितलं, तर कॅन निम्म्याला आला होता.

मी तिथं रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो. खरं काय करायला हवं होतं, हे मला त्याही वेळी माहीत होतं. एक तर परत जायचं, नाहीतर पुढं जाऊन सांगायचं, की मॅडम, माझ्या हातून सांडलं, दुसरा कॅन द्या. पण परत जायचं म्हणजे आक्काला सांगायचं. अख्ख्या छावणीला सांगायचं. रोज दुसऱ्यांच्या चुका फळ्यावर लिहिणाऱ्या सचिवाला साधं झाकण लावता आलं नाही, हे सांगायचं.

पुढं थोड्या अंतरावर पाण्याचा एक टँकर पंक्चर होऊन थांबला होता. त्याच्या तोटीतून पाणी गळत होतं. मी कॅन त्या तोटीखाली धरला.

टँकरवाला चाकाशी बसला होता. म्हणाला, “घ्या, घ्या. ताक हाय का? पातळ करायलात?”

मी म्हणालो, “हां.”

सकाळी कॅन जिथवर भरलेला होता, तिथवर मी पाणी घातलं, झाकण घट्ट फिरवलं आणि हलवलं. मी मनाशी काय हिशेब केला तेही सांगतो. वाटलं, पाणीच तर आहे. पाण्यानं कुठं तांबं कमी होतं? आहे तेवढं तांबं कॅनमध्येच राहील. बी.एस्सी.ला आलेलं हे ज्ञान. जे रस्त्यावर सांडलं, त्याच्याबरोबर निम्मं तांबं गेलं, आणि निम्मं गेलंय हे पाणी घातल्यामुळे आता कुणालाच कळणार नाही, हे मी मनाला समजू दिलं नाही.

पण मॅडमना कळलं. म्हणजे संशय आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोसायटीत फोन केला. “तांब्याचा आकडा यायला वेळ लागेल, तो बाहेर पाठवलाय. पण मी इथं आणखी एक घटक मोजते. तो प्रत्येक माणूस रोज साधारण सारखाच बाहेर टाकतो, त्यावरून कळतं नमुना पुरा आहे की नाही. तो तुमच्या नमुन्यात फारच कमी आलाय. काही सांडलं का? काही राहिलं का?”

मी फोन कानाला लावून टेबलावरच्या लॅक्टोमीटरकडं बघत होतो. आम्ही दुधाचं जे करतो, तेच त्या बाई तिथं करत होत्या. त्यांच्याही हातात पाणी पकडायचं साधन होतं, आणि पकडला गेला होता तो मी.

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “काही सांडलं नाही. दाजी अंगानं बारीक आहेत, म्हणून असेल.”

“परत एकदा गोळा करून आणता का?”

“छावणीत राहतात ते. अवघड आहे. नमुना बरोबर आहे मॅडम, मी स्वतः आणलाय.”

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी केमिस्ट्रीचा होतो ना.

तांब्याचा निकाल आला, तो काठावर. थोडा जास्त, पण ठाम बोलावं एवढा नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर जन्मभराचं औषध सुरू करता येत नाही. कंपाची गोळी देतो, तीन-चार महिन्यांनी पुन्हा दाखवा. दाजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “म्हंजे तांबं न्हाई,” ते हसून म्हणाले. “भाव पडला की माझा.”

त्या चार महिन्यांत त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं. काय म्हणतायत ते फक्त आक्काला कळायचं. घास तोंडात घातला, तर गिळायला वेळ लागायचा. आणि चेष्टा बंद झाली. मनात येत असेल त्यांच्या, डोळ्यांत दिसायची, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिची वेळ निघून जायची. मी आठवड्यातून दोनदा छावणीत जायचो, पेंड घेऊन, गूळ घेऊन, आणि काही न सांगता परत यायचो. आक्का पेल्यात तांब्याच्या घागरीतलं पाणी देतच होती.

मग सोसायटीत तो दिवस आला. मावशी, दाजी जिची चेष्टा करायचे तीच, दूध घेऊन आली. लॅक्टोमीटर सोडला, तर डिग्री लागेना. पाणी होतं. मी सचिव झाल्यापासून पहिल्यांदा मावशीच्या दुधात पाणी. मी विचारलं, तर तिनं लपवलं नाही. म्हणाली, “वाटंत ठेच लागली रे बाबा, निम्मं सांडलं. रोज दोन लिटर घालते मी. आज येकच कसं घालू? लोक काय म्हनतील? म्हून टँकरचं पानी घातलं.”

मी खडू उचलला. फळ्याकडं वळलो. तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. रांग बघत होती.

“काय झालं रे?” मावशी म्हणाली. “ल्ही की. म्या केलंय, मी न्हाई म्हणत न्हाई.”

मी खडू ठेवला, सोसायटी बंद केली आणि मोटारसायकल काढली. अंबाजोगाईपर्यंत कुठं थांबलो नाही.

मॅडम नळ्या धूत होत्या. मी दारातूनच सगळं सांगितलं. हुक, झाकण, घाट, टँकर. त्यांनी हात पुसले. मला वाटलं, आता ओरडतील. त्या हळू आवाजात बोलल्या, तेच जास्त लागलं.

“मला आकडा दिसत होता. मी आकड्याचं ऐकायला हवं होतं, तुमचं ऐकलं.” मग कपाटातून नवा कॅन काढून माझ्यापुढं ठेवला. “हा न्या. आणि या वेळी सांडलं, तर सांडलं म्हणून सांगा. सांडलेला नमुना मला चालतो. पाणी घातलेला चालत नाही.”

मी विचारलं, “दाजींना सांगणार का?”

“मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “ते काम तुमचं आहे.”

या वेळी मी कॅन हुकाला लावला नाही. दाजी मागं बसले आणि लहान बाळ धरावं तसा कॅन मांडीवर धरून अंबाजोगाईपर्यंत आले. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. काठ वगैरे काही नव्हता. तांबं भरपूर होतं. डोळ्यातलं कडंही आता साध्या बॅटरीत दिसत होतं.

एखाद्या माणसाला मोठा आजार आहे हे कळल्यावर घरात आनंद झाला, असं कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्याकडं झाला. आजाराला नाव होतं. नावाला औषध होतं. आणि दारू नव्हती. आक्का त्या निकालाचा कागद घेऊन छावणीभर फिरली. तिला वाचता येत होतं, पण तिनं तो प्रत्येकाला वाचायला लावला. “मोठ्यानं वाच,” म्हणायची. “तांबं. काय ल्हिलंय? तांबं.”

पथ्य कळलं तेव्हा दाजींचं तोंड उतरलं. कलेजी बंद. शेंगदाणे बंद, तीळ बंद. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय आमच्याकडं भाकर उतरते कुठं? आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर कधीच नाही. हे डॉक्टर सांगत असताना आक्का सावकाश माझ्याकडं वळली. त्या नजरेला मी आजही घाबरतो. त्याच संध्याकाळी तिनं ती घागर आणून माझ्या दारात ठेवली. म्हणाली, “तुझं शास्त्र तुझ्या घरी ठेव.”

औषधानं लगेच जादू झाली नाही. पहिले काही आठवडे तर काहीच बदल नव्हता. मग एक दिवस चहाची बशी भरलेली तोंडाशी पोचली. मग सदऱ्याची गुंडी लागली. दर काही महिन्यांनी तो कॅन भरून न्यायचा असायचा, कारण औषध किती तांबं बाहेर काढतंय ते मॅडम मोजायच्या. तो दिवस आमच्या घरी सणासारखा व्हायला लागला. पाऊस पडून छावणी उठली होती, पण छावणीतली माणसं त्या दिवशी हटकून यायची, “दाजी, संकलन किती?” विचारायला.

आणि एका सकाळी आक्कानं मला हाक मारून गोठ्यात बोलावलं. दाजी म्हशीखाली बसले होते. गुडघ्यात बादली. त्यांनी आचळाला हात लावला. म्हशीनं मान वळवून बघितलं. आम्ही दोघं भावंडं दाराशी उभे. तिनं एक पाय उचलला, जरा तसाच धरला आणि खाली ठेवला. मग बादलीत पहिली धार वाजली. आक्का रडायला लागली. दाजी मान न वळवता म्हणाले, अजून जरा जड जिभेनं, पण शब्द न शब्द कळेल असं, “रडू नगं, दुधात पानी पडंल. सचिव नाव ल्हील फळ्यावर.”

मी हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. तिथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

दाजी परत टेबलावर आले. रांग परत हसायला लागली. जीभ मात्र पुरती सुटली नाही. आजही भरभर बोलले, की शब्द एकमेकांना चिकटतात. मी मॅडमना एकदा विचारलं, चार महिने आधी औषध मिळालं असतं, तर हेही राहिलं नसतं का? त्या म्हणाल्या, ते कुणी सांगू शकणार नाही. मला त्यांनी ‘हो’ म्हटलेलं परवडलं असतं. त्या उत्तराबरोबर मी पुढची बरीच वर्षं राहिलो. दाजींचा शब्द अडखळला, की मला तो घाट दिसायचा.

यंदा सोसायटीत नवं यंत्र आलं. दूध घातलं, की फॅट, डिग्री, पाणी सगळं कागदावर छापून येतं, ज्याचं त्याला. दाजींचं टेबलावरचं काम संपलं आणि फळा काढायचं ठरलं. काढायच्या आदल्या दिवशी पहाटे मी आक्काच्या गोठ्यात गेलो. दाजी म्हैस पिळत होते, त्या म्हशीची नात. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि सांगितलं. वासापासून सुरुवात केली, टँकरपर्यंत गेलो, मॅडमच्या फोनपर्यंत गेलो.

धार थांबली नाही. दाजींनी आचळ बदललं. मग विचारलं, “किती घातलं व्हतं?”

“निम्मा कॅन.”

“टँकरचं?”

“हां.”

“मला वाटलं घागरीचं,” ते म्हणाले. आणि हसले नाहीत. बादली उचलून उभे राहिले. “त्या चार म्हैन्यात एकदा पोरीनं मला पुरं नाव इचारलं, शाळंच्या कागदावर ल्ह्याया. माझं. मला त्ये सांगता आलं न्हाई. मांडवामागं जाऊन रडलतो मी.”

मीही उठून उभा राहिलो.

“सोसायटीचा नियम काय हाय, सचिवसाहेब?” दाजी म्हणाले.

सकाळी रांग लागली तेव्हा फळा अजून भिंतीवर होता. मी खडू घेतला आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. रांगेत गलका झाला. कुणी म्हणालं, चेष्टा चाललीय. मावशी आता नाही, पण तिची सून होती, ती म्हणाली, “सचिव, तुमच्या घरी तर जनावर बी न्हाई. पानी कशात घातलं?”

मग मी ते सगळ्यांना सांगितलं. दाजी आपली किटली घेऊन रांगेत आपल्या जागी उभे होते, सातवे की आठवे. सांगून झाल्यावर मी टेबलाच्या मागून बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“दाजी,” मी म्हणालो, “सांडलं माझ्या हातून. पाणी मी घातलं, खोटं मी बोललो, आणि इतकी वर्षं गप्प बी मीच बसलो. तुमच्या तोंडाचा वास घेतला, त्याची बी मला लाज वाटते. मला माफ करा.”